पेव आणि पोट

मनुष्याच्या शरीराविषयीं एखाद्या समाजाचें खरें मत काय आहे हें जाणावयाचें असेल, तर त्याचे वैद्यकग्रंथ चाळण्यापेक्षां त्याच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचें बोलणें ऐकावें. आमच्या लहानपणीं अमरावतीच्या वाड्यांतून एखादी माहेरवाशीण पुष्कळ दिवसांनीं घरीं आली, म्हणजे तिला पाहतांच आजीबाईंच्या तोंडून पहिला उद्गार निघे तो ‘वाळलीस ग बाई!’ हा; आणि या तीन शब्दांत सासरच्या मंडळींवर केवढा आरोप भरलेला आहे, हें ऐकणारांस सांगावें लागत नसे. उलट जिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलें दिसे ती सुखांत आहे असें समजून आजीबाई निश्चिंत होत. ‘खात्यापित्या घरचा’, ‘अंगानें भरलेली’, ‘बाळसेदार’, ‘धष्टपुष्ट’, ‘गुटगुटीत’ हे आमच्या भाषेंतील स्तुतीचे शब्द आहेत. ‘हडकुळा’, ‘काटकुळा’, ‘मरतुकडा’ हे निंदेचे, किंवा निदान कींव करण्याचे. लठ्ठ माणसास हंसणारे शब्द आमच्याजवळ नाहींत असें नव्हे. ‘ढेरपोट्या’ आहे, ‘तुंदिलतनु’ आहे. पण त्या हंसण्यांतही थोडासा हेवा मिसळलेला आहे. आणि सर्व दैवतांत ज्याचें दोंद मोठें, त्या लंबोदराचीच पूजा आम्ही प्रत्येक कार्याच्या आरंभीं करतों.

ही भाषा ज्या समाजांत घडली तो समाज पिढ्यानुपिढ्या अर्धपोटीं होता, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचा उलगडा होतो. जेथें अन्न दुर्मिळ, तेथें मांसल देह हीच श्रीमंतीची हुंडी. नवल हें, कीं अन्नाची स्थिति पालटली तरी भाषा पालटली नाहीं, आणि देह मात्र भाषेच्या पुढें निघून गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आंकड्यांकडे पाहावें. 2005-06 सालीं हिंदुस्थानांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 12.6 स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या होत्या. 2019-21 सालीं त्या 24 झाल्या. महाराष्ट्रांत या दुसऱ्या वेळीं अशा स्त्रिया शेंकडा 23.4 होत्या, आणि प्रमाणापेक्षां कृश अशा शेंकडा 20.8. म्हणजे ज्या राज्यांत शंभरांपैकीं तेवीस बायकांना वजन कमी करा म्हणून सांगावें लागतें, त्याच राज्यांत एकवीस बायकांना पोटभर खा म्हणून सांगावें लागतें. विकसनशील म्हणविणाऱ्या देशाचें याहून नेमकें चित्र मला ठाऊक नाहीं. हें चित्र कसें तयार झालें याचा वऱ्हाडापुरता मागोवा घेण्याचा येथें विचार आहे. वऱ्हाडच कां, असें कोणी विचारील. मी येथला आहें हें एक कारण. आणि दुसरें व खरें कारण हें, कीं आपल्या शेतांतील धान्य सोडून पैशाच्या पिकामागें लागण्याचा अनुभव या प्रांतानें इतर महाराष्ट्राच्या बराच आधीं घेतला.

स्थूलता ही कांहीं आजची व्याधि नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ प्रकारचे निंदित पुरुष सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार विशेष विस्तारानें केलेला असून, या दोहोंत कृश बरा, असा कौल ग्रंथकारानें दिला आहे. कारणें सांगतांना गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोंप यांच्या जोडीला सदा आनंदी असणें, कसलीही चिंता न करणें आणि बीजाचा स्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हींही त्यानें गणलीं आहेत. सुश्रुतानें तर प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यानें झालेला असे दोन प्रकार करून, पहिल्याचा रोगी बहुधा कृश व दुसऱ्याचा बहुधा स्थूल असतो, हेंही टिपून ठेविलें आहे. हें निरीक्षण किती सूक्ष्म आहे तें आजच्या डॉक्टरांस विचारावें. पण हे ग्रंथ ज्या रोग्यांस समोर ठेवून लिहिले गेले ते राजे, अमात्य आणि श्रेष्ठी होते. नांगरामागें चालणाऱ्या माणसास दिवसा निजण्याची आणि नित्य आनंदांत राहण्याची सोय नव्हती. त्यामुळें स्थूलतेचा विचार करण्याचें कारण त्यास कधीं पडलें नाहीं.

त्या नांगरामागच्या माणसाची शिल्लक त्याच्या अंगावर नसे. ती जमिनींत असे. जुन्या वऱ्हाडांतील पेवें आतां फारशीं कोणी पाहिलेलीं नसतील. काळ्या मातीच्या खालीं, पाणी न लागणाऱ्या पांढरीच्या उंचवट्यावर, तोंडाशीं अरुंद आणि पोटाशीं रुंद असा खड्डा खणीत. त्याला आंतून कडब्याचें व भुसाचें अस्तर देत, ज्वारी ओतीत आणि तोंड दगडमातीनें लिंपून टाकीत. धान्य दोनदोन तीनतीन वर्षें टिके. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरावयाचें नाहीं, आंतील कोंदलेली हवा माणसाचा जीव घेते, हें ज्ञान गांवांतील पोरासोरांसही असे. वाड्याच्या भिंतींत बळद आणि माजघरांत कणग्या असत त्या वेगळ्याच. एक पाऊस चुकला तरी पेवावर निभे; दोन चुकले म्हणजे मात्र कठीण. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्यांनीं केली त्यांच्या डोळ्यांपुढें कापूस असेल, पण या प्रांताचा जीव पेवांतील ज्वारींत होता असें मला वाटतें.

1853 सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें आठच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरला पोंचेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची दृष्टि आमच्या काळ्या मातीकडे वळली. त्या चारपांच वर्षांत या भागांत रुपयाचा जो पाऊस पडला त्याच्या कथा अजून ऐकूं येतात. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धांवा बसविल्याची कथा त्यांतलीच. याच काळांतील एक योगायोग मला मोठा बोलका वाटतो. 1863 सालीं लंडनमध्यें विल्यम बँटिंग नांवाच्या, प्रेतसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या एका सुखवस्तु गृहस्थानें स्थूलतेवर एक लहानसें पुस्तक काढलें. आपण पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून वजन कसें उतरविलें याची हकीकत त्यांत आहे. तें इतकें खपलें, कीं ‘बँटिंग करणें’ असें क्रियापदच इंग्रजींत रूढ झालें. लंडनचा सुखवस्तु मनुष्य आपलें पोट कमी करण्याच्या विवंचनेंत, त्याच देशांतील लँकेशायरचे विणकर कापसाअभावीं उपाशी, आणि वऱ्हाडचा कुणबी ज्वारीच्या वावरांत कापूस पेरूं लागलेला, हीं तिन्ही दृश्यें एकाच वर्षाचीं आहेत, आणि तिहींना बांधणारा धागाही एकच आहे.

1867 सालीं आगगाडी भुसावळहून शेगांव, अकोला, बडनेरा असें करीत नागपुरास पोंचली. 1886 सालीं कारंजास देशांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि 1897 सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. अकोला आणि अमरावती हीं कापसावर वाढलेलीं शहरें होत. त्यांच्या जिनांतून आणि रुईदाबाच्या कारखान्यांतून एक नवा वर्ग उदयास आला. अडत्या, दलाल, जिनाचा मालक, सावकार, आणि या सर्वांचे दावे चालविणारा वकील. यांत मारवाडी होते, गुजराथी होते, देशमुख-देशपांडे होते. पंथ व पगडी निराळी, बैठक मात्र एक. पांढरी गादी, मागें लोड, पुढें पेटी. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत टांगलेलीं या मंडळींचीं छायाचित्रें पाहावींत. उपरण्याखालून डोकावणारें दोंद त्यांत लपविलेलें नाहीं, उलट दोन्हीं हात त्यावर ठेवून तें पुढें मांडलेलें आहे. व्यवहाराला येणाऱ्या शेतकऱ्याला त्या दोंदाकडे पाहून शेठच्या पतीची खात्री पटे. वऱ्हाडांत पोट सुटलें तें प्रथम येथें; ज्याच्या शेतांत कापूस पिकला त्याचें नव्हे, तर ज्याच्या गादीसमोरून कापूस गेला त्याचें.

शेतकऱ्याच्या घरीं या काळांत काय झालें? पेवें रिकामीं पडूं लागलीं. कापूस विकून पैसा हातीं येतो, पैसा दिला म्हणजे बाजारांत धान्य मिळतें, मग पेव भरावयाचें कशास, हा हिशेब चांगल्या वर्षीं बरोबर होता. मजुरी धान्यांत मिळे ती नाण्यांत मिळूं लागली. आणि मग 1896-97 व 1899-1900 चे दुष्काळ आले. दुसरा अत्यंत भयंकर. रेल्वे होती, बाजार होते, कायदे होते. पण ज्याच्याजवळ पेव नव्हतें आणि धान्य घ्यावयास पैसाही नव्हता, त्याला त्या सर्वांचा उपयोग किती? 1901 च्या शिरगणतींत वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां शेंकडा पांचांनीं कमी भरली. पाऊस न पडणें हें दुष्काळाचें कारण खरें. परंतु न पडलेल्या पावसाचें ओझें कोणाच्या पोटावर पडावें, हें बाजारानें ठरविलें. त्या दुष्काळांतून ज्या बाया जगल्या, त्याच आज साठीसत्तरी ओलांडलेल्या मंडळींच्या आज्यापणज्या.

येथें इतिहासकाराला थोडा वेळ वैद्याच्या दारांत उभें राहावें लागतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. या खेड्यांतील नवजात मूल सरासरीनें 2.7 किलोचें, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचें साडेतीन किलोचें. परंतु हें इवलेंसें मूल सगळीकडून सारखें लहान नव्हतें. मांस कमी, अवयव लहान, आणि चरबी मात्र बहुतेक जशीच्या तशी राखलेली! कृश दिसणाऱ्या देहांत लपलेल्या या स्थूलतेचें एक गंमतीदार प्रमाण त्यांनीं 2004 सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत छापलें. त्यांत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन असे दोघे शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें वजन दोघांचेंही अगदीं सारखें, निर्देशांक 22.3. पण शरीरांतील चरबी इंग्रजाच्या अंगीं शेंकडा 9.1, तर आमच्या मराठी डॉक्टरांच्या अंगीं 21.2. केटले नांवाच्या बेल्जियन गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांत युरोपीय देहांवरून बसविलेल्या मापानें आपण स्वतःस मोजीत बसलों तर काय होतें, याचा हा पुरावाच होय. म्हणूनच हिंदी वैद्यांनीं 2009 सालीं आपल्या लोकांकरितां स्थूलतेची मर्यादा 30 वरून 25 वर आणिली.

गर्भांत असतांना ज्याला अन्नाची ओढ लागली त्याचें शरीर जगाविषयीं एक अंदाज बांधतें, कीं बाहेर दुष्काळ आहे, तेव्हां मिळेल तें सांठवावें. इंग्लंडच्या बार्करनें मांडलेल्या या सिद्धांताविषयीं अद्याप वाद आहेत, आणि तो एका प्रांताच्या इतिहासास जसाच्या तसा लावणें धाडसाचें होईल हें मी जाणतों. तरीही वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. जमिनींतलें पेव ज्या लोकांचें मोडलें, त्यांच्या शरीरानें आपलें पेव पोटांत खणलें, असेंच जणुं झालें. तें बराच काळ रिकामें होतें, इतकेंच.

तें भरलें कसें हें सांगण्यापूर्वीं एका गोष्टीचा उल्लेख केला नाहीं तर अमरावतीकर रागावतील, आणि त्यांचें रागावणें योग्यच होईल. देहाविषयींचा एक निराळा आदर्श याच गांवांत निर्माण झाला होता. 1914 सालीं वैद्य बंधूंनीं येथें हनुमान आखाडा काढला. तोच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नांवारूपास आला. लेजीम, मल्लखांब, कबड्डी आणि लाठी घेऊन त्याचें पथक 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत जाऊन आलें. परक्या सत्तेनें दुबळे म्हणून हिणविलेल्या लोकांनीं आपल्या दंडांकडे पुन्हां अभिमानानें पाहावें, हा त्यामागील हेतु. या आखाड्यांत पोट पुढें काढून बसण्याला मान नव्हता. छाती पुढें काढण्याला होता. याच संदर्भांत अकोल्याच्या शाळेंत शिकून मॅट्रिक झालेल्या आगरकरांची आठवण होते. दम्यानें पिडलेला तो कृश देह, आणि त्यांचे स्नेही टिळक, ज्यांनीं कॉलेजांतलें पहिलें वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यांत घालविलें! दोघांनींही आपापल्या परीनें देहाचा विचार केला होता. गादीवर बसून तो वाढूं देणें हें दोघांसही रुचलें नसतें. परंतु आखाडा हा तरुण पुरुषांचा. लग्न झालें, नोकरी लागली, कीं आमचा पांढरपेशा तरुण आखाड्यांतून उठे तो थेट खुर्चीवर जाऊन बसे. खुराकाची संवय मात्र तो आखाड्यांतून बरोबर घेऊन येई! माझ्या पाहण्यांतील कित्येक नामांकित पोटांचा उगम जुन्या मल्लविद्येंत आहे.

बायकांच्या वांट्याला आखाडा नव्हता, जातें होतें. पहांटे दोन पायली दळण, विहिरीवरून पाणी, उखळ, पाटावरवंटा, शेतावर निंदणी आणि कापसाची वेंचणी. या श्रमांचे गोडवे गाणारांपैकीं मी नव्हें. जात्यावरच्या ओव्या कितीही मधुर असोत, त्या म्हणणारीच्या खांद्यांत काय कळा येत हें आमच्या आजीनें मला सांगितलें आहे, आणि गांवांत पिठाची गिरणी आली त्या दिवशीं तिनें मारुतीला नारळ फोडला होता. तिचें बरोबरच होतें. परंतु श्रम गेले तेव्हां त्यांची जागा घेण्यास दुसरें कांहींच आलें नाहीं. लग्न झालेल्या बाईनें विनाकारण रस्त्यानें भराभर चालत सुटावें, हें आमच्या सभ्यतेंत बसत नव्हतें. अजूनही पुष्कळ घरांत बसत नाहीं. शिवाय घरांत सर्वांच्या मागून जेवावयाचें आणि उरलेलें टाकवत नाहीं म्हणून तेंही पोटांत घालावयाचें, हा नियम कायम राहिला. अन्न थोडें होतें तेव्हां याच नियमानें ती उपाशी राही. अन्न वाढलें तेव्हां त्याच नियमानें ती स्थूल झाली. 2019-21 च्या सर्वेक्षणांत पहिल्यानेंच कमरेचा घेर मोजण्यांत आला. त्यांत देशांतील शेंकडा 40 स्त्रियांच्या पोटावर प्रमाणाबाहेर मेद आढळला, पुरुषांत हें प्रमाण 12. बायका आळशी झाल्या, असा याचा अर्थ करणारे विद्वान मला दरमहा एकदोन तरी भेटतात. त्यांतील बहुतेकांस उठून पाण्याचा पेला घेण्याची संवय नसते.

लग्नाच्या बाजारांत मात्र वारें उलटें फिरलें आहे. पूर्वीं मुलगी ‘अंगानें भरलेली’ आहे असें मध्यस्थानें सांगितलें कीं काम निम्मे होई. आतां जाहिरातींतून ‘सडपातळ’ हा शब्द पाहिजे. आणि हा शब्द जी आई आपल्या मुलीसाठीं लिहिते, तीच नातवाला मांडीवर घेऊन तो ‘ग्लॅक्सो बेबी’ सारखा दिसावा म्हणून त्याच्या तोंडांत घांस कोंबीत असते! विलायती दुधाच्या डब्यावरील चित्रांतलें तें बाळ आमच्या घरांत शिरलें आणि आमच्या बाळशाच्या कल्पनेचें मापच बनून गेलें.

आतां ताटाकडे वळूं. वऱ्हाडचें जुनें जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचें वरण किंवा झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेंचा. गहूं सणासुदीचा. पुरणाची पोळी, किंवा शेतांत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, हा उत्सव. म्हणून त्यावर हात न आंखडतां तूप. तेल घाणीचें, जवसाचें, करडईचें किंवा भुईमुगाचें. आणि तें पळीनें नव्हे, थेंबानें मोजलेलें. उत्सव वर्षांतून दहावीस दिवस आणि उरलेले दिवस साधे, अशी ती व्यवस्था. गेल्या पन्नाससाठ वर्षांत एवढेंच झालें, कीं उत्सव रोजचा झाला.

याचीं कारणें दूरचीं आहेत. स्वस्त धान्याच्या दुकानांतून बहुधा गहूं आणि तांदूळ मिळाले, ज्वारी क्वचितच. दुष्काळाला कायमची मूठमाती देणाऱ्या या व्यवस्थेची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल; पण तिनें ज्वारीच्या हातून वऱ्हाडचें ताट काढून घेतलें, हेंही खरें. वावरांतून ज्वारी हटली तसा कडबाही गेला, आणि त्याबरोबर गोठ्यांतले बैलही. 1990 नंतर सोयाबीन आलें, आणि पाहतां पाहतां अकोला-अमरावतीच्या शिवारांत त्यानें कापसाच्या बरोबरीची जागा पटकाविली. तूर राहिली ती त्याच्या ओळींमधून. तेलाची तर गोष्टच निराळी. प्रथम वनस्पति तूप, मग रेशनावरचें पामतेल, आणि 1994 नंतर आयात खुली झाल्यावर परदेशच्या पामतेलाचा पूर. आज हा देश आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. त्यामुळें पूर्वीं जी कढई दिवाळींत चुलीवर चढे ती चौकाचौकांत अखंड पेटलेली दिसते. शेगांवच्या स्थानकावरची कचोरी, आमच्या अमरावतीचा गिला वडा, आणि कोणत्याही मोटारस्थानकावरचा आलूबोंडा यांची चव मी नाकारीत नाहीं. नाकारली तर तो खोटेपणा होईल. पण मजुराच्या बाजूनें पाहिलें तर दहावीस रुपयांत पोट तुडुंब भरल्याचें समाधान देणारा पदार्थ आज भाकर-भाजी नसून हा तळलेला पदार्थ आहे, हें लक्षांत येईल. लठ्ठपणा गरिबाच्या घरीं पोंचला तो या वाटेनें. शेतांत विळ्याऐवजीं तणनाशक आणि पायांऐवजीं फटफटी आली, तीही याच सुमारास.

उपवासाविषयीं न बोललेलेंच बरें. पोटाला विश्रांति देण्याची ही जुनी युक्ति आम्ही साबुदाण्याच्या स्वाधीन केली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर या देशांत आला. आमच्या कोणत्याही ऋषीनें तो पाहिलेला नव्हता. तरी एकादशीस तो पवित्र, आणि ज्या भाकरीवर सारें वऱ्हाड वाढलें ती मात्र निषिद्ध.

असो. या सर्व कथेची दुसरी बाजू अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेस आहे. रविवारीं शहरांतील कुटुंबें मोटारी काढून दोनअडीच तासांत चिखलदऱ्यास जातात, थंड हवा खातात, कड्यावर उभें राहून भजीं खातात आणि संध्याकाळीं परततात. त्या कड्याखालचीं खोरीं मेळघाटचीं. 1992-93 सालीं तेथील कोरकू बालकांच्या मृत्यूंच्या बातम्यांनीं सारा देश हादरला होता; तेव्हांपासून समित्या, अहवाल आणि योजना यांची वाण पडलेली नाहीं, आणि पावसाळा आला कीं कुपोषणाच्या बातम्याही अद्याप येतच आहेत. कोदो-कुटकी पिकवून खाणारे हे लोक. त्यांचीं तीं धान्येंही मागें पडलीं. कामासाठीं घाट उतरून जे खालीं येतात, त्यांतील कित्येक आमच्याच शहरांच्या बांधकामांवर विटा वाहतात. त्यांच्यांतल्या ज्या मुलांचें वजन जन्मतः दोन-सव्वादोन किलो आहे तीं जगतील, खालीं शहरांत येतील, पामतेलांत तळलेलें खातील. डॉ. याज्ञिकांचा अंदाज खरा असेल, तर पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या पोटाचा घेर काय होईल हें सांगावयास ज्योतिषी नको. मेळघाटची भूक आणि अमरावतीचें दोंद या दोन निरनिराळ्या खात्यांच्या बाबी आहेत, असें मानून सरकारी कागद हलत असतात. मला त्या एकाच घराण्याच्या दोन पिढ्या वाटतात.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर गेल्या वर्षीं माझ्या रक्तांत साखर निघाली, आणि डॉक्टरांनीं गहूं सोडून ज्वारी खावयास सांगितलें. 2023 हें वर्ष साऱ्या जगानें भरडधान्यांचें म्हणून साजरें केलें तेव्हांपासून ज्वारीला बरीच प्रतिष्ठा आलेली आहे. अमरावतीच्या बाजारांत चांगली ज्वारी आतां गव्हापेक्षां महाग आहे. भाकर सुबक थापतां येणें ही कलाही घरोघरीं उरलेली नाहीं. आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशींचें माहेर दर्यापूरकडचें, म्हणून त्यांना ती उत्तम साधते. हात कांटकुळे, कंबर मात्र जाड, अशी त्यांची अंगलट. मीं एकदां सहज विचारलें, कीं तुमच्या घरीं भाकर रोजची असेल? त्या हंसल्या. ‘आमच्या घरी कुठची जी भाकर, सर! राशनचे गहू भेटतात, त्याच्याच पोया. ज्वारी घ्याले परवडते का आमाले?’ डॉक्टरनें त्यांनाही ज्वारीच खा म्हणून सांगितलेलें होतें, हें मला त्या दिवशीं कळलें. परवां त्यांनीं आपली औषधाची चिठ्ठी माझ्याकडे वाचावयास दिली. गोळी तीच होती, जी मी घेतों, मात्राही तीच.